हातावरची फुली

३ नोव्हेंबर
प्रकाश आजही खोलीतच. सियागंजच्या दुकानातली नोकरी सुटल्यापासून मोबाइल हेच त्याचं दुकान. जेवताना म्हणाला, आई, आठशे वर्षांपूर्वी तिकडे विलायतेत लढणारे साधू होते. पांढरा डगला, छातीवर लाल फुली. राजानं जाळले तरी संपले नाहीत, लपले. आता बँका, दवाया, सरकारं, सगळं तेच चालवतात.
म्हटलं, आठशे वर्षं कोणाला सापडले नाहीत अन् तुला पलंगावर पडल्या-पडल्या सापडले? लढणारे साधू मी उज्जैनला सिंहस्थात बघितलेत. नहाण्याच्या पाळीवरून भांडतात. बँक कोण देईल त्यांच्या हातात.
सून, ज्योती, हसली. तो नाही हसला.

९ नोव्हें.
लालबागचा राजवाडा बघून आला. फाटकाचे, भिंतींचे फोटो. प्रत्येकात फुली शोधून गोल काढलाय. जाळीत फुली नाही दिसणार तर काय जिलबी दिसणार?
ज्योतीला शाळेत शिकवताना वर्गावरच रडू आलं म्हणे. मला नाही येत. पन्नाशीच्या घोड्यासाठी काय रडायचं.

१४ नोव्हें.
पोळ्या लाटत होते, बाह्या वर. हा मागे येऊन उभा, केव्हाचा कोण जाणे. "हात दाखव."
डाव्या हातावरचं गोंदण. फुली, चार टोकांना चार ठिपके. जन्मापासून बघतोय, याच हातानं न्हाऊ घातलाय त्याला. आज फोटो काढला.
"कोणी काढलं?" गोंदणारीनं. "कुठून आली होती?" मला काय ठाऊक, कडेवरची होते. "बहिणींना पण आहे?" म्हटलं, नाही, मलाच.
"तुलाच का?"
इतकी म्हातारी झाले, कधी विचारलंच नाही कोणाला. तो भरलं ताट सोडून उठला.

१८ नोव्हें.
माझ्या हातचं खात नाही. पाकिटातली शेव अन् टोस्ट. ज्योतीनं केलेलं खातो, पण मी स्वैपाकघरात असले तर तेही नाही.
अन् माझ्याशी हिंदीत बोलायला लागलाय. "आप बैठिए." दूधवाल्याशी बोलतात तसं. आज दारातून विचारलं, "मेरी आई कहाँ है?"
म्हटलं, ही काय तुझ्यापुढे उभी.
हसला. गेला. ते हसू अजून स्वैपाकघरात आहे. मी दिवा लावून बसते आता, दिवसासुद्धा.

२१ नोव्हें.
देवासला ताईला फोन केला. ती थोरली, तिला आठवत असेल. आधी टाळलं. मग म्हणाली, "तू तापात गार पडली होतीस. गेलीस समजून खाली उतरवून ठेवलं होतं तुला. मग एकदम रडलीस. जमलेल्या बाया म्हणाल्या, ही तीच कशावरून? म्हणून आईनं गोंदणारीला बोलावलं. म्हणे, आता कुठं जाऊन आली तरी मी ओळखीन."
फोन ठेवला. हात पदराखाली घेतला. घरात कोणी नव्हतं, तरी.
ही तीच कशावरून. त्या बाया केव्हाच गेल्या, अन् हे वाक्य प्रकाशच्या तोंडी. त्याला सांगायचं नाही. कळलं तर संपलंच. ताईला पण बजावलं.

२४ नोव्हें.
ज्योतीनं मनाचा डॉक्टर शोधला. हा म्हणतो, "पहले इनका निशान मिटवाओ, फिर चलूँगा." मशीननं मिटतं म्हणे.
ज्योती चिडली. "आई, त्याच्या वेडापायी तुम्ही कातडी जाळून घेणार? मिटवलं की म्हणेल, पुरावा पुसला."
म्हणेल. बरोबर आहे तिचं. पण चलूँगा म्हणाला ना? इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुठं जायला हो म्हणाला.
मेल्यावर गोंदण तेवढं सोबत येतं म्हणतात, सोनं-नाणं इथंच. आई वर ओळखेल न ओळखेल, तिचं ती बघेल. मला इथं, या घरात...
जाऊ दे. जायचं ठरलं.

२ डिसेंबर
चामडीचा दवाखाना. प्रकाश आला, पण दोन खुर्च्या सोडून बसला. नर्सनं विचारलं, "अम्मा के साथ कौन है?" मीच म्हटलं, बेटा है मेरा. त्यानं मान वर केली नाही.
चर्र झालं, जळका वास आला. डॉक्टर म्हणाला, पुरानी स्याही है अम्मा, चार-पाच बार आना पड़ेगा. फुली तिथंच आहे. सुजून उलट मोठी दिसते.
येताना रिक्षा खड्ड्यात उसळली. त्यानं माझा हात धरला, पट्टीच्या खाली, घट्ट. घराजवळचं अन्नपूर्णेचं देऊळ येईपर्यंत सोडला नाही. काही बोललाही नाही, ना मराठीत ना हिंदीत.
मी पडेन म्हणून धरला, का पळून जाईन म्हणून? विचारलं नाही. हातही काढून घेतला नाही.
गुरुवारी मनाच्या डॉक्टरकडे त्याचा नंबर आहे. चपला घालून उभा राहतो का, बघायचं.