लाइन क्लिअर

सोलापूर,
दि. १२ जुलै

काव्या,

शरणु शरणार्थ. पत्राच्या डोक्यावर हे लिहायचं काम अप्पांचं होतं, आता मी लिहितोय. धारवाडला पाऊस चांगला झाल्याचं पेपरात वाचलं. इथं नुसतं आभाळ येतं आणि जातं. अव्वाचा गुडघा तसाच आहे. शेजारच्या जगदेवीमावशी भाकरी आणून देतात, त्यातली अर्धी खाते.

अप्पा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी तू सगळ्यांसमोर विचारलं होतंस, "फोन अप्पांच्या हातात होता, मग कुणालाच कसा लावला नाही?" त्याचं उत्तर द्यायचं आहे. फोनवर मला जमणार नाही. पण आधी कॉम्प्युटरचं सांगावं लागेल, नाहीतर तुला काही कळणार नाही.

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात मी टॉवेलची डिझाइनं करतो, ते तुला माहीत आहे. तिथला कॉम्प्युटर म्हातारा, डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलं की मान टाकतो. घरचा चांगला आहे. म्हणून जानेवारीत मी कारखान्यात बसून घरचा कॉम्प्युटर चालवायची सोय करून घेतली. रिमोट डेस्कटॉप म्हणतात. माउस इथं हलवायचा, काम तिथं होतं. अडचण एकच. मी इथून आत शिरलो की घरच्या स्क्रीनला कुलूप लागतं. आणि दुपारी त्याच स्क्रीनवर अप्पा पत्ते खेळत बसलेले असायचे.

पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, मशीन बिघडलं. समजावून सांगितलं तर हसायलाच लागले. होटगीला सगळी नोकरी स्टेशनवर काढलेला माणूस. म्हणाले, "म्हंजे रूळ एकच हाय की. दोन गाड्या कशा सोडशील? आधी लाइन क्लिअर घ्यायची, मग गाडी." तेव्हापासून मी आधी फोन करायचा, ते हातातला डाव संपवून "लाइन क्लिअर" म्हणायचे, मग मी शिरायचं. न विचारता शिरलो तर लागोपाठ दोन मिस्ड कॉल यायचे. म्हणजे, डाव अडकलाय, बाहेर हो. मी कुरकुर करत बाहेर पडायचो. कारखान्यात सगळे हसायचे. मलाही मजा वाटायची.

चौदा मेला एका गिऱ्हाइकाला पाच वाजायच्या आत नमुना पाठवायचा होता. मी लाइन क्लिअर घेतली नाही. आत शिरलो तर अप्पांचा डाव अर्धा मांडलेला होता. तो खाली सारला आणि कामाला लागलो. तीनला दहा कमी असताना त्यांचा कॉल आला आणि थांबला. लगेच दुसरा आला. पहिला नेहमीपेक्षा जरा जास्त वाजला होता, ते माझ्या लक्षात आलं होतं. मनात म्हटलं, अप्पा, आज थांबा जरा. आणि फोन पालथा ठेवला.

त्यानंतर पावणेपाचपर्यंत मी काम केलं. बॉर्डरचा निळा रंग दोनदा बदलला. अप्पा खुर्चीत होते, त्याच कॉम्प्युटरसमोर. मी त्या कॉम्प्युटरच्या आत होतो.

अव्वा होटगीच्या बारशाहून परतल्यावर मावशींचा फोन आला, "नंदीश, लगेच ये बाबा. अप्पा बोलंना झालेत." डॉक्टर म्हणाले, तीनच्या सुमारास गेले असतील. वेळेवर कळलं असतं तर काय, हे मी त्यांना विचारलं नाही. मी मावशींना एक फोन केला असता तर त्या दोन मिनिटांत आत गेल्या असत्या, एवढं मला माहीत आहे.

अप्पांच्या फोनमधले ते दोन कॉल त्याच संध्याकाळी मी पुसून टाकले. हात आपोआप गेला, असं लिहिणार होतो. तसं नाही. मला लपवायचं होतं.

त्या तिसऱ्या दिवशी तू म्हणालीस, "अव्वा बारशाला गेली नसती तर अप्पा वाचले असते." अव्वा मान खाली घालून ऐकत होती. मी दाराला टेकून उभा होतो आणि गप्प राहिलो. दोन महिने तू तिच्याशी बोलली नाहीस. ती उंबऱ्याबाहेर जात नाही. परवा मावशी देवळात चल म्हणाल्या तर म्हणाली, "नको गं. मी भायेर पडले की कायतरी हुतंय."

हे ऐकलं आणि मी ताटावर बसून दोन भाकऱ्या खाल्ल्या. असं चाललंय माझं. रडू आलेलं नाही. मला स्वतःची लाज वाटते, पण तीसुद्धा लांबून. कॉम्प्युटर मी तेव्हापासून बंद होऊ दिलेला नाही. लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे. दुपारी कारखान्यातून शिरतो आणि अप्पांचा डाव बघतो. बदामाची सत्ती किलवरच्या अठ्ठीवर जाते, त्यांना दिसलं नव्हतं. मी हात लावत नाही.

आज सकाळी अव्वाला सगळं सांगितलं. कॉलचं, पुसल्याचं, सगळं. ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मला वाटलं, आई असली तरी आता घराबाहेर काढेल. मग म्हणाली, "म्हंजे ते एकटे न्हवते म्हण की. तू हुतास तितं."

डबा घेतला आणि कामावर आलो. पत्र इथूनच लिहितोय. आज घरच्या कॉम्प्युटरात शिरलो नाही.

अव्वाचा काही दोष नाही. हे वाक्य त्या दिवशी म्हणायचं होतं, म्हणून वेगळं लिहिलं. तिला फोन कर. तुझं नाव फोनवर कसं दिसतं ते तिनं मावशींकडून ओळखायला शिकून घेतलंय.

मला कधी केलास तर मिस्ड कॉल देऊ नकोस. पुरता वाजू दे. मी उचलीन.

नंदीश
(वर 'तुझा दादा' लिहायचं की नाही, ते तू ठरव.)