बायकोच्या डोळ्याचा फोटो

लांजा, मंगळवार, १९ मार्च १९८५

चष्मा लागेल म्हणून सुमनला रत्नागिरीला नेलं होतं. आज डॉक्टरांनी तिच्या डोळ्याच्या आतला फोटो दाखवला. नारिंगी पडद्यावर लाल डाग.

"साखरेमुळे आत रक्त उतरलंय. यांना गेले बरेच महिने नीट दिसत नसणार."

आणि मी? मागल्याच महिन्यात माशाला खवले राहिले म्हणून पाहुण्यांसमोर ओरडलो तिच्यावर.

बाहेर आल्यावर विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, कामाची टाळाटाळ."

म्हणालो होतो. ते लाल डाग नजरेसमोरून जात नाहीत. आता मुंबईला लेसर करायचं, आहे ती नजर तरी टिकेल.

एसटीतून उतरताना आधाराला तिचा दंड धरला, तर दचकली. म्हणाली, "काय चुकलं माझं?"