नुसते ओठ हलव

शनि. ३ मे

कबूल करून टाकतो. आज लिमये काकूंना दोन तास खोटं ऐकवलं. सबटायटल वाचून दाखवतोय असं सांगितलं आणि एक ओळ वाचली नाही.

पण सुरुवात आईने केली. गेल्या आठवड्यात मी लिफ्टवर कागद चिकटवलेला, 'आजपासून लिफ्टमध्ये चपला घालून जाऊ नये. हुकमावरून.' संध्याकाळपर्यंत खाली तेवीस जोड. सेक्रेटरी स्वतः मोज्यांवर वर गेला. अक्षर ओळखलं आईनेच. "मेल्या, तुका लाज नाय? आता गप बसान दाखय." शिक्षा अशी, की रोज ४ ते ६ तिसऱ्या मजल्यावर काकूंजवळ बसायचं. दिवसाची बाई चारला जाते, काकूंची भाची ऑफिसातून सहाला येते. मधल्या दोन तासांचा बकरा मी.

काकू शाळेत गाण्याच्या बाई होत्या. आता रिटायर. डोळ्याचा पडदा सरकला, परवा ऑपरेशन झालं, आत गॅस भरलाय. डॉ. म्हणाले दहा दिवस पालथं. म्हणजे पालथंच. जेवण-बाथरूम सोडून तोंड मध्ये भोक असलेल्या उशीत, नजर फरशीवर. मला फक्त अंबाडा दिसतो, आणि अंबाडा ऑर्डर सोडतो.

"ओंकार, गाण्याचं काहीतरी लाव."

ताईच्या लॅपटॉपवर एक जपानी कार्टून मालिका आहे, शाळेतल्या गाण्याच्या क्लबची. (कार्टून म्हटलं की ताई मारते. अ‍ॅनिमे म्हणायचं.) मुद्दाम ती लावली. जपानी ऐकून काकू झोपतील, मी गेम खेळेन. झोपतायत कुठे!

"पाच मुली आहेत. एकीचा खर्ज छान आहे. काय बोलतायत रे? वाच की खालचं."

खालचं इंग्रजी. आणि पळतं. प्रीलिमला इंग्रजीत ३१. माझा पहिला शब्द लागेपर्यंत त्या पोरी पुढच्या वाक्यावर. मग दिलं ठोकून.

रवि. ४ मे

रविवारी पण सुट्टी नाही. भाचीला 'कामं' आहेत.

ही मालिका ज्याने काढली त्याला एकदा भेटायचंय. काही म्हणजे काही होत नाही यार. अख्खा भाग, छत्री कोणाची. दुसरा अख्खा भाग, भाताचा लाडू कोणी खाल्ला. मारामारी नाही, व्हिलन नाही. आणि काकूंचे प्रश्न:

"टीचर कुठे उभी आहे?"

"पुढे."

"पुढे म्हणजे? पियानोपाशी की खिडकीपाशी? आवाज फिरतोय, खिडकी उघडी असणार."

खिडकी उघडीच होती. उशीतून कळतं!!

लाडवात काय घालतात यावर दहा मिनिटं. मी शेवटी खोबरं म्हणालो.

सो. ५ मे

आज पाचवा भाग लावला. "खर्जातली का गात नाहीये?"

ती बन खात होती. खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न कसला बन. कालचं खोबरं अजून विसरलो नाही. म्हणून म्हटलं, "टीचरने सांगितलंय तिला. तू गाऊ नको, नुसते ओठ हलव."

कुठून सुचलं ते माहितीये मला. सातवीत, १५ ऑगस्टला सर मला हेच बोलले होते. मी मग ओठ हलवत हलवत पुढच्या सावंतच्या दोन्ही बुटांच्या नाड्या एकत्र बांधल्या. मज्जा आली होती. आईला सांगितलं नाही, ती पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

अंबाडा हलला. मी खाली वाकून बघितलं.

"तुला कोणी सांगितलं हे?"

"टीचरने. म्हणजे टीचरने तिला."

"बंद कर आज."

पाचलाच सुटलो. झकास.

मं. ६ मे

झकास कसलं, वाट लागली.

पाचवा भाग, कालच्या जागेवरून पुढे. शेवटी कोरस झाला. काकू म्हणाल्या, "थांब. ही खर्जातलीच ना?"

"नाय, दुसरी."

"वर चढताना हिचा श्वास तुटतो, शनिवारपासून ऐकतेय. दुसरीचा पण तिथेच तुटतो?"

माणूस उशीत तोंड घालून एवढं ऐकतं?

"हां हां, तीच. गाते आता. टीचरने परत गायला लावलं."

"असंच? माफी मागितली?"

"...मागितली ना."

"कधी? मला कसं कळलं नाही? मागे घे. वाच."

मागे घेतलं. एक सीन होता, टीचर पोरीच्या दारात उभी. कशाला आलीय देव जाणे. मी श्वास घेतला आणि सुटलो. "टीचर म्हणतेय, चूक माझी होती. तुझा आवाज जाड नव्हता, माझे कान पातळ होते. त्या दिवशी तू गायला पाहिजे होतंस."

"आणि ती?"

"ती म्हणते, आत या. चहा घ्या."

"लगेच?"

"जपानी लोक चांगले असतात."

परत वाच, म्हणाल्या. तीनदा वाचायला लावलं. दरवेळी तेच शब्द आठवायचे म्हणजे दहावीचं पाठांतर परवडलं. म्हणून इथे लिहून ठेवलं. उद्या परत विचारतील.

बुध. ७ मे

विचारलं. म्हणून दाखवलं. मग काकू जमिनीशी बोलायला लागल्या. माझ्याशी नाही, फरशीशी.

त्यांच्या शाळेत मंगल नावाची मुलगी होती. आवाज जाड, पण सुरात. समूहगीताच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी काकूंना वाटलं की हिचा आवाज बाकीच्यांना खातोय. म्हणून तिला सांगितलं, मंगल, उद्या तू मागच्या रांगेत उभी राहा, नुसते ओठ हलव. तिने हलवले. पहिला नंबर आला. ढाल घेतानाच्या फोटोत ती आहे. नंतर कधी गाण्याच्या तासाला बसली नाही.

"तिने काही भांडण केलं नाही रे. 'हो बाई' म्हणाली."

मी उठून पंखा वाढवला.

"तीस-बत्तीस वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "आणि त्या जपानी बाईला एका भागात जमलं."

बाईला नाही, मला जमलं. हे कसं सांगू? बाई तिथे काय बोलते ते अजून मलाच माहीत नाही.

गुरु. ८ मे

शाळेच्या जुन्या मुलींचा ग्रुप आहे, त्यातून भाचीने मंगलचा नंबर काढलाय. काकू म्हणाल्या, लाव, स्पीकरवर टाक. टाकला. फोन जमिनीवर, उशीच्या खाली, तोंडासमोर. मी स्टुलावर.

"हॅलो. कोण?" बाप रे, काय आवाज. फरशी हलली.

"मंगल, मी लिमये बाई."

मागे कुकरची शिट्टी. मग, "बाई? कोण गेलं?"

"कोणी नाही गं. तू कशी आहेस?"

"बरी आहे. दिंडोशीला पोळीभाजीचं केंद्र आहे माझं. बाई, आता गर्दीची वेळ आहे..."

मला वाटलं, आता बोलणार. मान वर करायची नाही, पण हाताने चादर धरली होती. तोंड उघडलं. आणि काय बोलाव्यात?

"मंगल, एक जपानी मालिका आहे. तिचा पाचवा भाग तुझ्याबरोबर बघायचाय. रविवारी ये."

"जपानी? मला काय कळणार बाई?"

"खाली लिहिलेलं असतं. ये."

"बघते."

फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "मला नाही जमणार रे तोंडाने. ते टीचरच सांगेल तिला. आपण नुसतं बघायचं."

मी घरी येऊन पाणी प्यालो. तीन ग्लास.

शुक्र. ९ मे

हिशोब असा. उद्या काकू उठून बसणार. ऑपरेशनवाला डोळा झाकलेला, पण दुसऱ्या डोळ्याने चष्मा लावून स्वच्छ दिसतं. इंग्रजी पेपर वाचतात. रविवारी मंगल येणार. आणि पाचव्या भागात टीचर दारात उभी राहून काय बोलते ते मी आज एकेक शब्द थांबवून, मोबाईलवर अर्थ बघत वाचलं:

"तू तुझी छत्री संगीताच्या वर्गात विसरलीस. उद्या पाऊस आहे. नीट जेव."

छत्री!!! परत छत्री!

बत्तीस वर्षांनी त्या मंगलला दिंडोशीहून बोरिवलीला बोलवायचं आणि छत्री दाखवायची.

ताईला सांगितलं. आधी पाच मिनिटं हसली. मग म्हणाली, "मूर्खा, खालची अक्षरं वेगळी फाईल असते. ती काढून दुसरी टाकता येते." आणि क्लासला गेली. लॅपटॉप ठेवून गेली, पहिल्यांदाच.

तेव्हापासून बसलोय. भाग बावीस मिनिटांचा. नुसता दारातला सीन मराठीत करून चालणार नाही, अख्खा करावा लागणार. ते 'नुसते ओठ हलव' पण आधी आलं पाहिजे, बन खाण्याच्या ठिकाणी. आयुष्यात एवढा निबंध लिहिला नाही. बोर्डात दोन गुण वाढले असते.

शनि. १० मे

काकू बसल्या. दहा दिवसांनी तोंड दिसलं. कपाळावर उशीचा वळ. माझ्याकडे एका डोळ्याने बघत राहिल्या.

"तूच का तो चपलावाला?"

"हो काकू."

"मी पण काढल्या होत्या. वर आल्यावर कळलं, मग एकटीच हसले."

म्हटलं आता सांगून टाकू सगळं. तोंड उघडलं पण. तेवढ्यात म्हणाल्या, "मंगल येते म्हणाली. उद्या साडेचारला. लॅपटॉप आण." आणि कपाटातून ढालीचा तो फोटो काढून पुसायला घेतला. मागच्या रांगेत एक उंच मुलगी, सगळ्यांत मोठं तोंड उघडलेली.

नाही सांगितलं.

दारातला सीन अजून बसत नाही. जपानी बाई तीन वाक्यांत छत्री देऊन मोकळी होते, माझी माफी लांब आहे. काय काढू? 'कान पातळ' काढवत नाही. 'त्या दिवशी तू गायला पाहिजे होतंस' तर मुळीच नाही. राहू दे. टीचरचं तोंड मिटलं तरी अक्षरं थोडा वेळ चालू राहतात. कोण बघतंय.

रवि. ११ मे, जिन्यात बसून लिहितोय

आल्या मंगलताई. उंच, दंडाला पीठ. दारातच, "कोण रे तू? पाणी आण." आणलं. काकूंच्या पाया पडल्या, काकूंनी अर्ध्यातच हात धरले. मग दोघी सोफ्यावर, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. मी लॅपटॉप लावला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो, पळायला सोपं.

बन खाण्याच्या जागी 'नुसते ओठ हलव' आलं. मंगलताईंच्या हातातला पेला थांबला. काकू समोरच बघत होत्या.

मग दार. टीचर उभी. 'चूक माझी होती.' 'तुझा आवाज जाड नव्हता, माझे कान पातळ होते.' इथे टीचरचं तोंड मिटलं. आणि खाली माझं आपलं चालूच, 'त्या दिवशी तू गायला पाहिजे होतंस.'

खालच्या मजल्यावर मिक्सर.

मंगलताई म्हणाल्या, "बाई, हिचे ओठ बंद आहेत आणि शब्द चालू आहेत." मग पेला खाली ठेवून, "माझं उलटं होतं."

काकूंनी लॅपटॉप मिटला. शेवटचा कोरस राहिला ना, तो श्वास तुटतो तो! मी सांगणार होतो, पण काकू माझ्याकडे वळल्या आणि त्या एका डोळ्याने असं बघितलं की मला कळलं. म्हणजे कळलं की त्यांना कळलंय. आत्ता की मंगळवारीच, ते नाही कळलं.

"ओंकार, बाहेर जा. दार ओढून घे."

ओढलं. तेव्हापासून जिन्यात. लॅपटॉप आत, चार्जर माझ्या हातात. पंधरा मिनिटं झाली. आधी काही नाही. मग काकूंचा आवाज, हळू, शब्द कळले नाहीत, पण बराच वेळ काकूच बोलत होत्या. मंगलताईंचा आवाज तर भिंतीतून पण यायला पाहिजे, तो नाही. आता तर दोघी गप्प आहेत. चहाचं भांडं पण वाजत नाहीये. माझ्या गोष्टीत लगेच चहा होता.

जो कोणी ही वही उघडेल (ताई, तूच असणार), पाया पडतो, कोणाला बोलू नको. आईला नको, भाचीला नको. आणि मंगलताईंना तर मेलीस तरी नको. त्यांना कळलं असेल तर असू दे. पण नसेल कळलं, तर टीचर छत्री द्यायला आली होती हे त्यांना कोणी सांगायचं नाही. प्लीज. वाटल्यास त्याऐवजी आईला सांग, लिफ्टचा आरसा पण मीच फोडला.