गरम डब्याखालची बिलं

मंगळवार, संध्याकाळ. अंधेरी.

शीतलचा हेवा वाटतोय. इथे तरी खरं लिहावं.

आम्ही हॉटेलांना मासळी पुरवतो. मढच्या कोळणींकडून येणारी बिलं बर्फाच्या पाण्याने भिजलेली असतात. इतकी वर्षं ती मीच एकेक करून कॉम्प्युटरमध्ये टाईप केली, कारण स्कॅनर साहेबांना महाग वाटायचा. आज ऑफिसात नव्यानेच लागलेल्या शीतलने फुकटच्या ॲपने मोबाईलवर फोटो काढले आणि नाव, माल, रक्कम सगळं आपोआप डेटाबेसमध्ये गेलं. साहेब म्हणाले, "झकास!" मला कधी म्हणाले होते?

सकाळी मात्र तिची वाट लागली होती. ओल्या, चुरगळलेल्या बिलांवरून ॲप भलतंच वाचत होतं. माझ्याकडे आली. "ताई, तू ही सपाट कशी करतेस गं?"

सांगायचं नव्हतं. तरी दाखवलं. माझ्या स्टीलच्या रिकाम्या डब्यात उकळतं पाणी ओतायचं आणि तो इस्त्रीसारखा बिलावर फिरवायचा. मग दिवसभर ती माझाच डबा फिरवत बसली. झकास म्हणे!

म्हटलं, आता ही सगळं श्रेय लाटणार. खरं तर त्याचीच वाट बघत होते मी. पण ती सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, डब्याची आयडिया ताईची आहे हां. तिच्याशिवाय जमलंच नसतं."

शिवाय घरी निघताना डबा घासून, पुसून माझ्या पिशवीत ठेवला.

माझं टायपिंग घेतलंस ते घेतलंस. निदान चिडायला कारण तरी ठेवायचंस ना, बाई!