रेषेपासून पाच पावलं

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. शेवटी जे मागितलं आहेस, त्याचं उत्तर मीही शेवटीच देणार. उड्या मारत वाचायची तुझी खोड मला माहीत आहे, पण या वेळी सगळं वाच.

इकडे सगळं जिथल्या तिथे आहे. विषुववृत्ताची पिवळी रेघ परवा नव्याने रंगवली, माझ्या चपलेला लागलेला रंग निघता निघत नाही. बसमधून माणसं उतरतात, एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून फोटो काढतात आणि माझ्याभोवती कोंडाळं करतात. रेषेच्या उत्तरेला पाच पावलांवर मी भोक पाडलेल्या घमेल्यात पाणी ओतते, वर पान सोडते, बूच काढते. पान डावीकडे गरगरतं. दक्षिणेला पाच पावलांवर उजवीकडे. हा पृथ्वीच्या फिरण्याचा महिमा, असं म्हटलं की टाळ्या. बावीस वर्षं हेच चालत आलं.

खरं काय ते तुला मी कधीच माझ्या तोंडाने सांगितलं नाही, म्हणून लिहून देते. बादली उजव्या कडेने ओतली की पाणी डावीकडे फिरतं, डाव्या कडेने ओतली की उजवीकडे. फिरणं दिसेनासं झालं तरी पाण्यात राहतं आणि बूच निघालं की वर येतं. पाच पावलांनी पृथ्वीला काही फरक पडत नाही. हे मनगट बसायला मला सहा महिने लागले, आणि मनगटाची मला लाज नाही. लाज वाटते ती एका वाक्याची.

नववीत तू परीक्षेत माझं घमेलं लिहून आलीस. सरांनी ते उत्तर वर्गात मोठ्याने वाचलं, अख्खा वर्ग हसला. घमेलेवालीची मुलगी म्हणून तुला चिडवायला लागले. तू एकटी सरांशी भांडलीस, माझी आई रोज करून दाखवते म्हणून. घरी येऊन मला विचारलंस, तेव्हा मी तुझ्या युनिफॉर्मला इस्त्री करत होते. मान वर न करता म्हणाले, सरांना काय कळतंय. त्या रविवारी तू न्हाणीघरातल्या बेसिनमध्ये तीस वेळा पाणी भरून सोडलंस आणि भिंतीवर पेन्सिलीने रेघा ओढल्यास. सतरा इकडे, तेरा तिकडे. त्यानंतर अभ्यासातलं काही तू मला विचारलंच नाहीस. मागच्या वर्षी घराला रंग दिला, तेव्हा रंगाऱ्याला तेवढा चौकोन सोडायला लावला. तो मला वेड्यात काढत होता.

तर तुझं पत्र वाचलं आणि मंगळवारी पहिल्याच बसपुढे, उत्तरेला उभी राहून, डाव्या कडेने ओतलं. पान उलटं फिरलं. मग तिथेच, पाय न हलवता, उजव्या कडेने. लोक गोंधळले. मी म्हणाले, "पृथ्वी नाही, माझं मनगट फिरवतंय. या, तुम्हालाही जमेल." मला वाटलं, आता आपली धडगत नाही. तेवढ्यात एक आजी बाह्या सरसावून पुढे आल्या, स्वतःचे बूट भिजवले आणि तिसऱ्या खेपेला पान हवं तिकडे फिरवलं. बस अर्धा तास उशिरा सुटली. इथले आमचे साहेब धापा टाकत आले. लोक इथे चमत्कार बघायला येतात, पुन्हा असं केलंस तर तिकिटाच्या खिडकीत बसवीन, म्हणाले. मी म्हटलं, बसवा, मग ओतणार कोण? ते विचार करतायत. मी रोज तसंच करतेय.

आता तुझं मागणं. सव्वीस तारखेला तुमच्या कॉलेजची सहल इथे येणार, तर त्या दिवशी मी रजा घ्यावी, असं तू फार गोड शब्दांत लिहिलंयस. वाचून रडू आलं, मग राग आला, तुझा थोडा, माझा जास्त. भिंगरी, मी रजा घेणार नाही. त्या वर्गात तू माझ्यासाठी उभी राहिलीस आणि मी इस्त्री करत राहिले. आता मी उभी राहणार. खिडकीत बसवलं तर फाटकाबाहेर ओतेन, घमेलं माझं स्वतःचं आहे. तुला ओळख द्यायची नसेल तर देऊ नकोस, खुशाल मागे राहा. पण तुझ्या प्राध्यापकांसमोर मी तीस वेळा ओतणार आहे, आणि रेघा ओढायला कुणीतरी लागेल. पेन्सिल मी आणते.

तुझीच,
घमेलेवाली आई