पुरा कोयता

माय, आज माझा सहावा दिवस. पिशवी काढली माझी, तुझ्यासारखीच. पोटात गाठ होती, इथं अंबाजोगाईतच ऑपरेशन झालं आणि रिक्षानं घरी आणून टाकलं. तेव्हापासून तुझा जावई मला हलू देत नाही. मास्तर माणूस, दवाखान्यातून मिळालेला कागद त्यानं भिंतीला चिकटवलाय: वाकायचं नाही, खोकताना पोटाला उशी धरायची, सहा आठवडे वजन उचलायचं नाही. सकाळी मी पाण्याचा तांब्या उचलला तर धावत आला अन् हातातून काढून घेतला. "तांब्या म्हणजे काय वजन हाय का?" म्हटलं. "भरलेला हाय की," म्हणाला. त्याची खिचडी पातळ होते, मीठ आठवेल तेव्हा पडतं, पण माणूस मनापासून करतोय, म्हणून मी गप खाते. तो तांब्या घेऊन आत गेला आणि मला रडूच आलं. त्याला वाटलं टाके दुखतायत. टाके दुखतच होते, पण मला तुझी घागर आठवली होती. आणि त्या घागरीबद्दल तुला एक सांगायचं राहूनच गेलं.

मी नववीत होते. दोन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. आपल्याकडच्या सहकारी कारखान्याचं धुराडं त्या साली पेटणारच नव्हतं, गाळायला ऊसच नव्हता. म्हणून दिवाळी झाली की सगळ्यांना लांबच्या कारखान्याला ऊस तोडायला जायचं होतं. तुझं पोट लई दिवसांपासून दुखायचं. एका दवाखान्यात दाखवलं, डॉक्टर म्हणाला पिशवी काढा, आणि काढली. तुला कुणी कागद दिला नाही; दिला असता तरी मलाच वाचून दाखवावा लागला असता. तू गोधडीवर पडलेली आहेस, पोटाला जुन्या लुगड्याचं फडकं गच्च बांधलेलं. मी चुलीपाशी, आणि तू पडल्या पडल्या तिथून बघतेस. "पीठ लई सैल झालं की गं. ह्या भाकरीची काय घडी घालून ठिवायची का?" त्या चार दिवसांत मी तुला ताट वाढून दिलं. जन्मात तेवढंच तू माझ्या हातचं बसून खाल्लंस.

पाचव्या दिवशी मुकादम आला. टोळी जमवायचं काम त्याचं, आणि त्याच्या तोंडी माणूस नसतो, कोयता असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा, आणि अर्धा कोयता कुणी गाडीत घेत नाही. तो दारातूनच दादांना म्हणाला, "तुमचा कोयता पुरा हाय का न्हाई, तेवढं सांगा. सोमवारी गाडी भरायचीय." दादांनी आधी तुझ्या गोधडीकडं बघितलं. वाईट नव्हते गं ते. पण मग त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. "माझी पोरगी हाय की. हिची माय सुधरंपतूर हिला घेतो संगं." मुकादमानं माझे दंड बघितले. "चालंल," म्हणाला. एकदा उसाच्या फडात गेलेली पोरगी परत शाळेत आलेली आपल्या गल्लीत एकही नव्हती. पुढच्या साली तिचं लग्न व्हायचं, आणि मग तिचा स्वतःचा कोयता. तू कूस बदलून भिंतीकडं तोंड केलंस. मला तुझा इतका राग आला की त्या संध्याकाळी मी तुला पाणीसुद्धा नेऊन दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. टँकर विहिरीत पाणी सोडायचा आणि बाया शेंदून घ्यायच्या. मी घागर घेऊन निघाले तर तू उभी, पदर खोचलेला. "दुसरी बी घे," म्हणालीस.

"माय, तुला उठायचं न्हाई."

"कावून? मला काय झालंय?"

पाणी मी शेंदलं. घागर तुझ्या डोक्यावर मीच उचलून दिली. आणि तू घराची जवळची वाट सोडून वरच्या आळीनं निघालीस, मुकादमाच्या दारावरून. तो बाजेवर चहा पीत बसलेला. तू थांबलीस, घागरीला हातसुद्धा न लावता. "आमचा कोयता पुरा हाय म्हणून लिवा. पोरगी शाळेत जाईल."

"वैनी, लई लवकर सुधरल्या," म्हणाला तो.

"सुधराया मी काय आजारी व्हते?"

सोमवारी दादांनी हात धरून तुला गाडीत चढवलं. मी चुलतीकडं राहिले आणि नववी पास झाले.

ही गोष्ट तू जन्मभर सांगितलीस. माझ्या लग्नात सांगितलीस, मला नोकरी लागली तेव्हा सांगितलीस, जावयाला तर दर दिवाळीला. मुकादमाची नक्कल करायचीस, हसता हसता हात पोटाशी जायचा. तो हात तू जाईपर्यंत तिथंच राहिला, आणि खाली बसलीस की उठायला तुला भिंत लागायची. गोष्टीचा शेवट ठरलेला. "सगळ्यायला फसवलं मी. मुकादमाला कळलं न्हाई, हिच्या बापाला कळलं न्हाई. अन् ही बारकी, हिला काय समजतंय, घागर घेऊन माझ्या मागं मागं आली गुमान." सगळे हसायचे, मीही हसायचे.

माय, मी मागं का चालत होते ते आता ऐक. विहिरीवरून निघालीस तेव्हा तुझ्या लुगड्याला मागून डाग होता, बोराएवढा. वरच्या आळीला पोचेपर्यंत तो तळहाताएवढा झाला. नववीतल्या पोरीला रक्त कळतं गं. मी एक हाक मारली असती तर तू खाली बसली असतीस, आणि सोमवारी गाडीत मी असते. मी हाक मारली नाही. उलट तुझ्या पाठीला लागून चालले, कमरेवरची घागर आड धरून, मुकादमाला दिसू नये म्हणून. घरी आल्यावर तू लुगडं बदललंस, बादलीत बुडवलंस आणि म्हणालीस, "विहिरीवर चिखल लागला वाटतं." मी म्हणाले, "व्हय, चिखलच हाय."

तुझा जावई तांब्या घेऊन परत आलाय. काय लिहितेस म्हणून विचारतो. काही नाही, म्हटलं, आणि कागद उशीखाली सारला. ह्यालाही मी ही गोष्ट तू सांगायचीस तशीच सांगत आलेय. सहाव्या दिवशी टाके किती ओढतात ते मला आज कळलं, ते खरं. पण तुझ्यापासून लपवलेलं ते नव्हे, नुसता तो डागही नव्हे. त्याच दिवशी मी दप्तर भरून शाळेत गेले, माझ्या जागेवर जाऊन बसले, आणि माय, मला लई बरं वाटलं.