पोट्टे एक व्हिडिओ पुढे

१४ जुलै
गेम डिझाइनचा तिसरा तास. माझा विषय गणित, वीस वर्षं तेच. हा नवा विषय कॉलेजात आला तेव्हा प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुम्हाला कॉम्प्युटर येते ना?" मी हाव म्हटलं. तिथंच चुकलं. आता पहाटे पाचला व्हिडिओ पाहते आणि अकराला तेच शिकवते. आज मधेच विसरले. पाच मिनिटं नुसता फळा पुसला. आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात. पाहू.

१७ जुलै
प्राचार्यांची चिठ्ठी. शनिवारी, २६ ला, नवा विषय तपासायला कमिटी येणार. पोरांनी बनवलेला गेम चालताना दिसला तर विषय राहील. नाही तर बंद, आणि पोरं टॅलीत, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या हिशेबाच्या वर्गात. आज बारापैकी सात हजर, बाकीचे शेतात, धानाची रोपं लावायला, रोवणीला. इकडे जुलैत हजेरी मागायची म्हणजे... जाऊ दे.
करडी गावची पायल तासानंतर थांबली. "टॅलीत टाकलं त मले नाई यायचं कॉलेजात, मॅडम. हे एकच येते मले." दोन वर्षांत एवढं बोललेली पहिल्यांदा ऐकली.

१९ जुलै
गेम आधी कागदावर मांडला. उतारावर एकाखाली एक चार बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली वावरं, पाणी म्हणून चिंचोके. नियम माझा: ज्याची बांधी आधी भरली तो जिंकला. अर्धा तास झाला, एकाचीही भरेना. वरचा दर डावाला खालच्याकडे पाणी सोडून देई, सगळ्यांकडे सारखंच थोडंथोडं. "अडवा ना रे!" म्हटलं.
पायल: "असं कसं अडवाचं मॅडम? खालच्याची रोवणी खोळंबते ना."
मागून रोशन: "आमचा काका अडवते!"
हसून हसून पुरेवाट. मग पायलनंच नियम काढला. पाणी अडवता येते, पण खालच्यानं मधला धुरा, मातीचा बांध, फोडला की वरच्याचं सगळं गेलं. काय आरडाओरडा बाप्पा! शिपाई पाहायला आला, भांडण झालं का म्हणून. मला हे सात जन्मांत सुचलं नसतं.

२२ जुलै
तोच गेम कॉम्प्युटरवर चढवायचा. जमेना. सकाळपासून डोकं दुखून राहिलं. शेवटी बोलूनच टाकलं, "पोरांनो, मला हे येत नाही. सकाळी शिकते आणि तेच तुम्हाला सांगते."
रोशन म्हणे, "आमाले मालूम आहे मॅडम. तेच व्हिडिओ आमीबी पाह्यतो. आमी एक पुढं आहो."
लाज वाटली. हलकंही वाटलं. पायलनं माझ्या हातातून माउस घेतला, विचारलंसुद्धा नाही.

२६ जुलै
कमिटी आली. गेम चालला! पाणी उतरलं, धुरा फुटला, एक साहेब तर हसले. मग त्यांनीच विचारलं, "मॅडम, तुम्ही हे कुठं शिकलात?" प्राचार्य माझ्याकडे पाहत होते. कोर्स केला म्हटलं असतं तर मिटलं असतं. पण थकले होते, आणखी एक खोटं सांभाळायचं त्राण नव्हतं. "कुठंच नाही. यांच्यासोबतच शिकून राहिले."
साहेबांनी लिहून घेतलं. "कळवतो."
बाहेर पायल रागानं लाल. "खरं काहून सांगतलं मॅडम? आमचा गेम त चालला होता ना!"
खरं बोलून मी मोकळी, भोगणार ती. माझीच चीड आली.

२८ जुलै
काही कळवलं नाही अजून. अकराला लॅब उघडली. चौघं आली, पायल नाही. तिला फोन लावला. मागे रोवणीच्या बायांचा गलका.
"पत्र आलं का?"
"नाही."
तिकडे कोणाला तरी ओरडून काही सांगितलं. मग, "मंग बंद त नाई झाला ना अजून. थांबा, मी येऊन राहिली."
तास बाराला संपतो. तिची बस साडेबाराला पोचते. चौघंही हलायला तयार नाहीत. प्राचार्य दारातून पाहून गेले, घड्याळाकडे बोट दाखवलं. मी उठले नाही.